बिनबांगडीच्या हाताची दुपटी

माय, आज सकाळी मशीनला तेल घातलं आणि तुझा राग आला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात. राग मात्र उघड्या डोळ्यांनी येतो, तेलाच्या वासासारखा, आधी नाकात आणि मग घरभर. लोक मला शांत बाई म्हणतात. मुलींच्या शाळेत मी इतकी वर्षं शिवण शिकवलं, एकीवर आवाज चढवला नाही. तुझ्यावरही कधी चढवला नाही. तो तसाच राहून गेला, म्हणून आज कागद घेऊन बसले आहे.

संग्रामपूरकडे तुम्ही मला दिली. तिकडच्या हिवतापात नवरा गेला आणि दादा मला बैलांच्या दमणीत घालून मेहकरला परत घेऊन आला, तेव्हा मी विशीही गाठली नव्हती. दुसऱ्या एखाद्या घरात माझा पाट लागला असता, पुन्हा संसार झाला असता. बाबा म्हणाले, "आपल्यात लावत नाहीत," आणि पान लावायला बसले. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चालायचा आणि आपल्या घराचा बाबांच्या एका वाक्यावर. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. चांगल्या हंगामात त्यांनी खामगावहून हाताची मशीन आणली होती, आणि तू तिला भीत होतीस. गोधडीचा हातचा टाका तुझ्यासारखा कुणाचा नव्हता, तो मला तूच शिकवलास, हे मी नाकारत नाही. पण मशीनच्या सुईखाली बोट जाईल म्हणून तू तिच्यावर चादर टाकून ठेवली होतीस. ती चादर मी काढली. मला दुसरं काय होतं? कपाळ पुसलेलं, हात रिकामे, सणावाराला पुढं यायचं नाही. मशीनला यातलं काहीच दिसत नव्हतं.

बायका गाठोडी घेऊन यायच्या. तान्ह्या बाळाला कोऱ्या कापडात गुंडाळायचं नाही, म्हणून आजीचं विरलेलं लुगडं, आजोबांचं धोतर, ज्या घरची लेकरं धडधाकट आहेत तिथून मागून आणलेला सदरा, असं सगळं त्यात असायचं. मी ते उकळत्या पाण्यातून काढायची, फाटकं वगळून वितभर चौकोन कापायची, फिक्याशेजारी गडद असे जोडत पट्ट्या करायची, मग पट्टीला पट्टी. खाली धोतराचे दोन थर, त्याखाली लुगड्याचं अस्तर. थर सरकू नयेत म्हणून आधी मधोमध हाताने लांब टाके घालायचे आणि तिथून कडेकडे जायचं. हाताच्या मशीनवर उजव्या हाताने दांडा फिरवायचा आणि एकट्या डाव्या हाताने सगळं दुपटं सरळ रेघेत सरकवायचं. जिथे चार चौकोनांची टोकं भेटतात तिथे सुई अडते. तिथे दांडा सोडून चाक बोटांनी हळूच फिरवायचं, एकेक टाका. गाठ एकही आत सोडायची नाही, बाळाच्या पाठीला लागते. हे सगळं मला कुणी सांगितलं नव्हतं. मशीननेच सांगितलं.

आणि दाराची कडी वाजली की मी उठायची. तू चुलीपासून येऊन, पिठाचे हात पदराला पुसून माझ्या जागेवर बसायचीस. पाट माझ्या अंगाने अजून गरम असायचा. मी मागे, धान्याच्या कणग्यांच्या खोलीत. विधवेचा हात लागलेलं दुपटं पहिलटकरणीच्या लेकराला कोण घेईल, असं तू मला पहिल्याच वेळी समजावलंस आणि मी ते समजून घेतलं. मला वाटलं, जग असं आहे म्हणून माय खोटं बोलते. माझं काम हातचं जाऊ नये म्हणून बोलते. माझ्या बाजूने बोलते.

जानेफळची एक पाटलीण दर वेळी यायची, तुला आठवत असेल. कणगीला टेकून मी तुमचं बोलणं ऐकत असे.

"बाई, तुह्या हाताले गुन हाय वं. मांगच्या साली लेकीले तुहं दुपटं नेलं, पोरगं कसं टुमटुमीत झालं!"

"देवाची किरपा," तू म्हणालीस.

"नाही नाही, हातच लागते तसा. म्या सुनेले सांगतलं, दुपटं आनीन त मेहकरचंच. आन तुही लेक कशी हाय?"

"हाय. मांगं बसते."

"तिले नको लावू देऊ बाप्पा याले हात."

"मी काय येडी हाय काय?" तू म्हणालीस, आणि हसलीस.

ते हसणं मला आजही ऐकू येतं. खोटं बोलणं मी समजू शकत होते. हसायचं काही कारण नव्हतं.

एकच बाई फसली नाही. बाजारातल्या शिंप्याची बायको, आपण सगळे तिला चाची म्हणायचो, कातरणाच्या चिंध्या आणून द्यायची. तिने नातवासाठी आपल्याकडे दुपटं शिवायला टाकलं होतं. ती आली, तू धावत येऊन मशीनवर बसलीस, दांडा फिरवायला लागलीस. चाची दारातच उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, "उठो बाई तुम. बेटीकू बैठने देव."

"काऊन वं चाची?"

"तुम बैठे तो चुड्या बजती ना. गल्ली में से रोज मशीन सुनती मैं, चुड्या कब्बी नै बजी." आणि मोठ्याने हसून पुढे म्हणाली, "हमारे पोट्टेकू बेटी के हातकाच होना. तुम्हारा हात तो बैलगाडी चलाता, रुक रुक के."

तिला माझ्याच हातचं हवं होतं. तुझं तोंड उतरलं. मी कणग्यांच्या खोलीतून बाहेर आले आणि चाचीसमोर, दिवसाउजेडी, माझ्या पाटावर बसले. तिच्या नातवाचं दुपटं मी तिच्या डोळ्यांदेखत पुरं केलं. ती चहा पीत, आपल्या सुनेची नक्कल करत बसली होती. माहेरी आल्यानंतरचा माझा तो सगळ्यात चांगला दिवस. ती गेल्यावर तू एवढंच म्हणालीस, "तिच्या लोकायचं अलग असते," आणि पुढच्या कडीला पुन्हा येऊन बसलीस.

मग दादाच्या बायकोला दिवस गेले. ती जानेफळचीच, पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगा झाल्याचा निरोप आला तेव्हा माझे चौकोन तयार होते, महिनोन्‌महिने बाजूला काढलेले. दादाच्या लहानपणच्या अंगरख्याचे, बाबांच्या उपरण्याचे, तुझ्या हिरव्या लुगड्याचे. मी ते माजघरात मांडून बघत होते आणि तू मागे येऊन उभी राहिलीस.

"याले तू हात नको लावू."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? आपल्या घरचं लेकरू हाय ते."

मग मी विचारलं, "मंग आजवरची कोनाची होती?"

"बाहेरच्याची गोष्ट अलग हाय," तू म्हणालीस.

माय, माझा सगळा राग या एका वाक्यावर उभा आहे. जग मानतं म्हणून तू मला लपवलंस असं मी धरून चालले होते. तू स्वतःच मानत होतीस! माझ्या हाताला सावली आहे असं तुला खरंच वाटत होतं, आणि तरी तालुक्यातल्या लेकरांच्या अंगाखाली तू तोच हात घालत होतीस, वर हसून गुणाचं बोलणं आपल्या पदरात घेत होतीस. त्या बायांचं काही वाईट व्हावं असं तुला वाटत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तू विचारच केला नव्हता. बाहेरच्यांची लेकरं तुझ्या हिशेबात नव्हती आणि मीही नव्हते. घरचं लेकरू आलं तेव्हा कुठे तुला माझा हात दिसला.

तू स्वतः बसलीस शिवायला. इतकी वर्षं मशीनवर बसून दाखवलं होतंस की तुला वाटलं, येतं आपल्याला. नातवाचं दुपटं चारचौघींत उठून दिसावं म्हणून अस्तराला बाजारातून कोरं मांजरपाट आणलंस, गिरणीचा शिक्का आणि खळ तशीच. मी दारातून म्हणाले, "भिजव ते आधी."

"मले नको शिकवू."

मी कणग्यांपाशी जाऊन बसले, त्या वेळी कडी वाजलेली नसताना. भिंतीपलीकडे तुझ्या बांगड्या वाजत होत्या. दांडा अडत होता, दोरा तुटत होता, तू सुईला शिव्या देत होतीस. चार टोकं भेटतात तिथे काय करायचं हे तुला माहीत नव्हतं, आणि तू विचारलं नाहीस.

बारसं झालं, बाळ-बाळंतीण घरी आली. तू देवळात गेली होतीस तेव्हा वहिनी कणग्यांच्या खोलीत आली, दुपटं पदराखाली धरून. पहिल्या धुण्यातच अस्तर आटलं होतं, वरचे चौकोन फुगून बेडकासारखे झाले होते, गाठी वर आल्या होत्या.

"वन्सं, पाहा ना हे. लेकराच्या पाठीले टोचते, निजतच नाही. तुम्ही करून द्या."

"मायनं मले हात नको लावू म्हटलं."

"माह्या माहेरी साऱ्या लेकरायखाली तुमचंच दुपटं हाय. कोनाले मालूम नाही? कोनी बोलून नाही राह्यलं, एवढंच." मग हळूच हसली. "सासूबाईच्या हातचं असं असते, हे त मले आजच समजलं."

मी ते सगळं उसवलं. मांजरपाट काढून टाकलं, चौकोन पुन्हा जोडले, तुझ्याच जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं. तू परत आलीस तेव्हा दुपटं खाटेवर होतं. तू नेहमीसारखा शिवणीवरून अंगठा फिरवलास. अंगठा थांबला. माझ्याकडे पाहिलंस. मी वाट पाहत होते. रागव, फेकून दे, नाहीतर "बरं झालं" म्हण, काहीही म्हण. तू दुपटं पसरलंस, लेकराला त्यावर निजवलंस आणि मला म्हणालीस, "तवा तापला. भाकरी टाक."

बाळ शांत निजलं. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली, दुपट्याची तारीफ केली, आणि तू म्हणालीस, "माह्याच हातचं हाय."

त्या क्षणी तुला सगळं माहीत होतं. माझा हात लागला होता आणि तुझा नातू सुखाने झोपला होता. एक शब्द तेव्हा तुला काही जड नव्हता. शेजारीण तर जुनी, आपल्यातलीच होती. नंतर तू पुष्कळ वर्षं जगलीस, त्यातही तो शब्द आला नाही. मी वाट बघत राहिले, तुझ्या शेवटच्या आजारपणात पाय चेपतानाही.

त्या दुपट्यात वाढलेल्या पोराला आता मुलगी झाली आहे. तिचं दुपटं मी शिवते आहे, घर माझं, मशीन तीच. हा कागद जाड आहे. लिहून झालं की याचा वितभर चौकोन कापीन, मापाला चालेल. तुला तो पोचायची काही सोय नाही, आणि असती तरी तू वाचून म्हणाली असतीस, तवा तापला.

पण एक गोष्ट आहे. सकाळी तेल घालून शिवायला बसले तोच कडी वाजली. भाचाच होता. आत आला तर पाट रिकामा, आणि मी मागच्या खोलीच्या दारात उभी.

"आत्या, तू तिकडं काऊन उभी?"

"पाय आखडला होता," मी म्हणाले.

तो आखडला नव्हता, माय.