हाताला न लागणारं दुखणं

अक्रा, ६ फेब्रुवारी २०२३

ती. एबोमामांस,
अराबाचा दुखऱ्या पायासकट सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मला दोन वाक्यं धड बोलू देत नाही, म्हणून पत्र. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

दोन वर्षं माझी नडगी रात्री ठणकते आणि अ‍ॅस्पिरिन घेतली की अर्ध्या तासात गप्प होते. म्हणून शिवणाच्या बाई म्हणतात, मशीन चालवायचा कंटाळा. आई म्हणते, नाटकं. तुम्हीही पाय चेपून काही नाही म्हणालात. इथल्या डॉ. लार्टेबाईंनी मात्र गोळीचं ऐकलं आणि खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, हीच तर खूण. स्कॅनमध्ये हाडात मिरीएवढी गाठ निघाली. कॅन्सर नाही, पण दुखणं शंभर टक्के खरं. मी तिथेच रडले.

आता भूल देऊन, स्कॅनमध्ये बघत बघत हाडात सुई घालायची आणि तिचं टोक तापवून गाठ जाळायची. दुसऱ्या दिवशी घरी. २४ तारीख मिळाली आहे. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय आई मला हलू देणार नाही.

लोभ आहेच, हे वाचून आटू देऊ नये.
आपली भाची,
अराबा

आपाम, ११ फेब्रुवारी

चि. अराबास,
मामाचे रागावलेले आशीर्वाद.

तीस वर्षं मी हाडं बसवतोय. माडावरून पडलेले, होडीखाली सापडलेले, सगळे माझ्या हाताने चालते झाले. लहानपणी माझ्या पोटरीवर तापल्या सळईने डागण्या दिल्या, तेव्हा शपथ घेतली की माझ्या घरात कुणाला डाग देणार नाही. त्याच डागण्यांवरून इस्पितळवाले आम्हाला अडाणी म्हणत आले, आणि आता स्वतः सुई तापवतायत. म्हणजे त्यांचा तो बाब्या आणि आमचं ते कारटं.

तुझा पाय मी बोटाबोटाने चाचपलाय. हाताला लागत नाही ते दुखणं नसतं. माझा नकार समज. कसाव्याची भाजलेली गारी आणि सुकी मासळी पाठवली आहे, उपाशी राहून रुसू नकोस.

रागातही तुझाच,
एबोमामा

अक्रा, २७ फेब्रुवारी

ती. मामांस,
दोन्ही पायांवर उभं राहून नमस्कार.

नकार कळवून मग न सांगता बसमध्ये बसून येणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लार्टेबाईंची तुम्ही तासभर उलटतपासणी घेतलीत, वर त्यांचा हात हातात धरून चांगला पाच मिनिटं चाचपलात. हात थरथरत नाही, म्हणून तुम्ही हो म्हणालात, हे मी घरी निघेपर्यंत सगळा वॉर्ड सांगत होता. आणि मी शुद्धीवर यायच्या आत कुणाची तरी मांडी बांधायला गायब.

मामा, पहिल्याच रात्री मी सलग झोपले. आई दोनदा नाकाशी बोट धरून गेली म्हणे. डास चावल्याएवढी खूण आहे, बाकी काही नाही. शिवणाच्या बाई स्वतः येऊन माफी मागून गेल्या आणि जाताना सहा झगे शिवायला टाकून गेल्या.

माया अशीच बसने येत राहावी.
आपली अराबा

आपाम, १२ मार्च

चि. अराबास,
मनापासून आशीर्वाद.

तुझं पत्र मी अख्ख्या मासळीबाजारात वाचून दाखवलं. तुझी आई म्हणते, लाज वाटायला हवी, नकार कुणी दिला होता. वाटते. पण आनंद जास्त आहे, काय करू.

काल एक बाई सोळा वर्षांच्या लेकीला घेऊन आली. पोरीची मांडी रात्री ठणकते, गोळीने थांबते. घरचे तिला खोटारडी म्हणतात. तीस वर्षांत मी दारातून कुणाला परत पाठवलं नव्हतं. हिला मी हातही लावला नाही. गुरुवारच्या बसने दोघी येतायत, तू स्टेशनवर जा आणि त्यांना लार्टेबाईंकडे पोचव.

निघताना त्या आईला मी सांगितलं की तुझी पोरगी खरं बोलतेय. हे मी दोन वर्षांपूर्वी तुझ्या आईला सांगायला हवं होतं.

तुझा,
एबोमामा