कपाटाचा वाफा शुक्रवारऐवजी रविवारी पाडण्याबाबत

प्रति,
मा. गृहनिर्माण अधिकारी,
नगरपरिषद कार्यालय,
ब्रॅकनसाइड, डरहॅम.

विषय : परसातील लाकडी वाफा पाडण्यास दोन दिवसांची मुदतवाढ मिळणेबाबत.
संदर्भ : आपली दि. ९ सप्टेंबर १९७४ ची नोटीस.

महोदय,

उपरोक्त नोटिशीन्वये माझ्या परसातील 'कांद्यांचा विनापरवाना लाकडी वाफा' येत्या शुक्रवारपर्यंत काढून टाकण्याचे आपण फर्मावले आहे. वाफा विनापरवाना आहे, हे मला मान्य आहे. कांद्यांचा आहे, हे मान्य नाही. ते लीक आहेत. कांद्याच्याच कुळातले, पण माझे या घडीला दंडाएवढे जाड भरले आहेत. आपण दक्षिणेकडून नुकतेच बदलून आलात, म्हणून राग धरत नाही. मात्र आम्हा खाणकामगारांच्या क्लबात 'कांदा' हा शब्द काढू नये, ही विनंती.

२. शनिवारी क्लबात लीकचे वार्षिक प्रदर्शन आहे. परीक्षक फीत लावून जाडी मोजतात. लीक त्याच सकाळी उपटावे लागतात. आदल्या दिवशी उपटले तर सुकून बारीक होतात आणि वर्षभराची मेहनत मातीमोल होते. म्हणून शुक्रवार नको.

३. वाफा कोळशाच्या कोठीच्या दारापर्यंत गेला, हा आपला आक्षेप रास्त आहे. खरे तर तो मागच्या दारापर्यंतही गेला आहे. ते दार आता उघडत नाही. मी खिडकीतून ये-जा करतो आणि माझी काही तक्रार नाही.

४. आता लाकडाविषयी. लीकना खोल माती लागते आणि साध्या फळ्या एका हिवाळ्यात कुजतात. गेल्या मार्चमध्ये पत्नी सौ. आयव्ही बहिणीकडे संडरलंडला गेली असता मी शयनगृहातील तिचे कपाट मोडून त्याच्या फळ्या वाफ्याला लावल्या. अक्रोडाचे लाकूड, तिच्या आईने लग्नात दिलेले. कपडे मी नीट घडी करून जिन्यावर ठेवले होते. दाराचा आरसा भिंतीला टेकवला, त्याने रोपांना दुप्पट उजेड मिळतो. परत आल्यावर तिने परसात पाहिले, आरशात स्वतःला पाहिले आणि म्हणाली, "नॉर्मन, मी बसते त्या खुर्चीला हात लावला नाहीस, हे उपकारच." पुढच्याच बसने ती पुन्हा संडरलंडला गेली. कपाट आल्याशिवाय परतणार नाही, असे कळवले आहे.

५. यंदा पहिले बक्षीस दोन दारांचे कपाट आहे. माझी निकड आपल्या ध्यानात आली असेल. तिच्याविना घर खायला उठते, हे सरकारी अर्जात लिहू नये, पण लिहितो.

६. तक्रार शेजारी राल्फ डॉड्सने केली असावी, अशा समजुतीने मी त्याला क्लबात चारचौघांत नाही नाही ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "अरे येड्या, तुझा वाफाच पाडला तर मी हरवू कुणाला?" मी त्याची माफी मागितली आहे. तक्रार आयव्हीने केली होती, हे काल कळले. कारण वाफा पडताना डोळ्यांनी पाहावा म्हणून ती काल स्वतः आली.

७. तिने लीकभोवती दोन्ही हातांची बोटे धरून पाहिली. मग विचारले, "राल्फचे केवढे आहेत?" मी सांगितले. तेव्हापासून ती वाफ्यासमोर खुर्ची टाकून बसली आहे आणि चुलीची लोखंडी सळई तिच्या मांडीवर आहे. चहा मी खिडकीतून देतो. शुक्रवारी आपली माणसे आल्यास त्यांच्या जिवाची हमी मी घेऊ शकत नाही. सबब हा अर्ज जितका माझ्यासाठी, तितकाच परिषदेच्या कर्मचाऱ्यांच्या हितासाठी आहे.

तरी वाफा रविवारी पाडण्याची अनुमती द्यावी.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
नॉर्मन हेस्लप
दि. १७ सप्टेंबर १९७४

तक्रारदाराचा शेरा : अर्ज वाचला. कपाटाचा मजकूर खरा आहे. तक्रार मी मागे घेत नाही, फक्त रविवारपर्यंत थांबा. शनिवारी हा हरला, तर माणसं दोन जास्त पाठवा. वाफ्याबरोबर यालाही उचलायचं आहे.
— आयव्ही हेस्लप