एकट्याची टीम

सोम., ३ फेब्रु.
दहाच्या कॉलवर आजही गेलो. चौघं होतो तेव्हा रोज दहाला जमायचं, काल काय केलं, आज काय करणार ते सांगायचं. मग एकेक जण कंपनी सोडून गेला. शेवटचा संदीप, दिवाळीत. कॅलेंडरमधली मीटिंग मात्र कोणी काढली नाही. मी जातो, स्क्रीनवर माझंच तोंड, दोन मिनिटं थांबून निघतो. आज 'गुड मॉर्निंग' म्हणून टाकलं. वेड लागायची पूर्वतयारी.
काम घरूनच, साडेअकरा तास.

बुध., ५
हॉस्पिटलवाल्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच पेशंटला दोनदा नंबर जायचा. तीन आठवडे छळलं. आज दुपारी सापडलं, एका ओळीची चूक. खुर्चीतून उठून टाळी वाजवली. ह्यात मजा अजून येते, खोटं कशाला बोलू. संदीप असता तर आधी 'मी म्हटलंच होतं' म्हणाला असता, मग भांडण, मग चहा. सांगायला कोणी नाही, म्हणून खाली दूधवाल्याला सांगितलं, "आज बड़ा प्रॉब्लेम सॉल्व्ह किया."
"अच्छा है साब. थैली कितनी दूँ?"
दोन घेतल्या. एकट्याला एक पुरते.

शुक्र., ७
आईचा फोन. दादाकडे असते, भाईंदर पूर्वेला. माझ्या घरून, मीरा रोडहून, रिक्षाने वीस मिनिटं, तरी दिवाळीनंतर दोनदाच गेलोय.
"आवाज बसलाय का रे तुझा?"
बसला नव्हता. सकाळपासून वापरलाच नव्हता. रविवारी येतो म्हणालो.

रवि., ९
गेलो नाही. सर्व्हर पडला. आई म्हणाली, "असू दे, काम आधी." बाबांनाही असंच म्हणायची आणि मग दोन दिवस बोलायची नाही.

मंगळ., ११
ऑफिसचा फॉर्म आलाय. 'कामात आनंद मिळतो का?' एक ते पाच. नाव लिहायचं नाही, सगळं गुप्त. फक्त टीम निवडायची. माझ्या टीममध्ये मी एकटा. धन्य ती गुप्तता.
दोनवर क्लिक केलं. मग वाटलं, माणसं कमी करताना आधी नाखूशच काढतील. पाच दिले.

सोम., १७
निकाल. आमच्या मॅनेजरने, निखिलने, सगळ्यांसमोर स्लाइड दाखवली. सर्वांत आनंदी टीम आमची, शंभर टक्के. उरकलेली कामंही आमचीच जास्त. "यार, तू तर रोल मॉडेल आहेस." कामं उरकणारच, गप्पा मारायला आहे कोण? हे बोललो नाही. कॅमेरा चालू होता, हसलो.

बुध., १९
दुपारी जान्हवीचा फोन. निखिलच्याच हाताखाली दुसरी टीम आहे, तिघींची, त्यातली ती. निखिल म्हणतोय, बाकी दोघींना दुसरीकडे हलवतो, तू एकटी सांभाळ, तो बघ किती मजेत आहे. तो म्हणजे मी. उद्या अकराला तिला उत्तर द्यायचंय.
"तू खरं सांग, त्यावर मी ठरवते. एकट्याने बरं वाटतं ना रे?"
"मस्त वाटतं," म्हणालो. "डिस्टर्ब करायला कोणी नाही."
का म्हणालो? खरं सांगितलं तर फॉर्ममधलं खोटं उघडं पडेल, निखिलच्या कानावर जाईल, म्हणून. भेकड कुठला. पंचवीस मिनिटं बोलली ती, घरचं, दारचं, सगळं. ह्या महिन्यात माझ्याशी इतकं कोणी बोललेलं नाही. आणि नेमकं तिलाच मी...

साडेसात. तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा ती दुसऱ्या कॉलवर. निखिलशी बोलत असेल? शेवटी मेसेज केला: 'हो म्हणू नकोस. फॉर्ममध्ये मी खोटं लिहिलं, तुलाही खोटं सांगितलं. एकट्याने फार वाईट वाटतं.'
हे अजून आईलाही सांगितलेलं नाही.
मेसेज पोचलाय, तिने वाचलेला नाही. वाचेपर्यंत पुसून टाकता येतो. आठ वाजले. अजून तरी पुसलेला नाही.