पाणघोड्याची शीळ

दि. ४ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

रविवारी मुलांना घेऊन प्राणिसंग्रहालयात येऊन गेलीस म्हणे. नेमकी माझ्या सुट्टीच्या दिवशी! रागावलो असतो, पण उसंत नाही. आमचा पाणघोडा तेव्हापासून गवताच्या काडीलाही तोंड लावत नाही. डॉक्टर म्हणतात, घशात काहीतरी अडकलंय, वाचेल की नाही सांगता येत नाही.

लोकांसमोर तो कधी जबडा उघडत नाही. दात तपासताना मी किंवा माझा कामावरचा जोडीदार शीळ घालतो, तेव्हाच उघडतो. त्यामुळे लोकांची करमणूक करायला जोडीदारानेच शीळ घातली, असं ठरवून साहेबांनी त्याला घरी बसवलंय. दोन लेकींचा बाप, शपथा घेऊन थकला. माझ्या जिवाला घोर लागलाय.

मुलांना गोड पापा.
तुझा मामा

दि. ६ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

शीळ मी घातली. लहानपणी तुझा डबा घेऊन यायचे, तेव्हा ऐकून ऐकून शिकले होते. मुलांसमोर मिरवायची हौस आली. पाटीवर शिट्ट्या वाजवू नका असं लिहिलंय, पण मला वाटलं, आपण काय परके आहोत का! त्याने जबडा उघडला, गर्दी खिदळली आणि कुणीतरी रबरी चेंडू आत भिरकावला. मी मुलांचे हात धरून पळ काढला. कुणाला सांगितलंही नाही, याची फार लाज वाटते.

साहेबांनाही आजच सगळं लिहून कळवलंय. रागाव, पण नातं तोडू नकोस.
तुझी ठकू

दि. १५ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रामुळे डॉक्टरांना काय शोधायचं ते कळलं. गुंगी देऊन चेंडू काढला. स्वारी कालपासून भारे फस्त करतेय. जोडीदारही कामावर आला. शीळ घातली तर पाणघोडा मात्र पाण्याखाली जातो. त्याचा आमच्यावरचा भरवसा उडाला, याचं फार वाईट वाटतं.

ऐकून शिकलीस असं लिहून मला सांभाळून घेतलंस, वेडे. कठड्याच्या आत उभी करून, ओठ कसे धरायचे ते मीच तुला दाखवलं होतं. भाचीसमोर मलाही मिरवायचं होतं. साहेबांना तेही सांगून टाकलं. आता पाणघोडा जोडीदाराकडे आहे आणि मी पक्ष्यांकडे.

मुलांना घेऊन ये. तिकीट काढून, कठड्याबाहेर गप्प उभे राहून आपण दोघंही त्याला पाहू.

माया आहे तशीच आहे.
मामा