एझ्रा पिमचा पहारा

२३ मे १९०९
आलो बाई एकदाचे! ऑर्विलला डाकोटातल्या या गावी स्टेशनमास्तरकी मिळाली, घरही मिळालं. समोरच्या चौकात शिपायांचं स्मारक आहे, पहिल्या वस्तीकऱ्यांना वाचवताना पडलेल्यांचं, अकरा नावांचं. शेजारच्या मिसेस डॉल मक्याचा पाव घेऊन आल्या. ऑर्विलची उंची बघून म्हणाल्या, तुझ्या नवऱ्यासाठी दाराची चौकट फोडावी लागणार! मला त्या आवडल्या.

३० मे
आज शिपायांना फुलं वाहायचा दिवस. त्या पलटणीतले एकटे उरलेले कॅप्टन थ्रॉस्बी स्मारकापाशी हजेरी घेतात आणि दर नावाला गावातलं कुणीतरी ‘हजर’ म्हणतं. एझ्रा पिम हे नाव आलं आणि सगळे गप्प. मला मेलं भरून आलं. बिचाऱ्याचं कुणीच नाही? ऑर्विलला कोपरानं ढोसलं, अरे म्हण ना! तो खणखणीत ‘हजर’ म्हणाला. कॅप्टनच्या हातातला कागद गळून पडला. आभार राहिले बाजूला, माणसं पाठ फिरवून चालती झाली. काय एकेक लोक!

३ जून
ऑर्विल दुपारी जेवायला आला नाही. शोधायला गेले तर स्मारकापाशी भर उन्हात उभा, पाठ गावाकडे. म्हणतो, माझ्या जागी बदलीचा माणूस आला की येतो. मला वाटलं, थट्टा करतोय. म्हटलं, ये सावकाश, बटाटे गार होऊ देत. संध्याकाळी आला तेव्हा ओठ फुटले होते.

६ जून
मिसेस डॉलना धरून विचारलं. अठराशे त्रेसष्ट साली हल्ला झाला. मूळची ज्यांची जमीन होती तेच आले होते, हे त्या अगदी हळू बोलल्या. पिम कुंपणाबाहेर पहाऱ्यावर होता. आतल्यांनी फाटक लावून घेतलं. तो हाका मारत राहिला. आणि पलटणीचा रिवाज असा की ज्याच्या नावाला तुम्ही ‘हजर’ म्हणाल, त्याचा पहारा तुमचा. बाकी दहांचे पहारे कधीच संपले, पिमला मात्र बदली मिळालीच नाही. आठ वर्षांमागे एका सुतारानं ओ दिली होती. तीन आठवडे टिकला.
मी ओरडलेच, आधी सांगायला काय तोंड शिवलं होतं? त्या रडायला लागल्या. पण तोंड माझंच उघडलं होतं ना. मीच त्याला ढोसलं.

१० जून
आता घरी येतच नाही. चार गड्यांनी ओढला, तसूभर हलला नाही. तोंडाला पाणी लावलं तर ओघळून जातं. गिळत नाही — देवा, गिळतच नाही.

१४ जून
कॅप्टनपुढे गुडघे टेकले. पुन्हा नाव पुकारा, मी ओ देते. म्हणाले, पोरी, फाटक मीच लावलं होतं, आणखी एकाला बाहेर ठेवायला मला सांगू नकोस.
मी म्हटलं, बाहेर माझा नवरा आहे. तो मेला तर चालेल?
दार लावून घेतलं त्यांनी.

१७ जून
आले. काठी टेकत आले शेवटी. नाव पुकारलं.
मी ‘हजर’ म्हणाले.
ऑर्विल मटकन खाली बसला. पाणी मागितलं! प्यायला, घटाघटा प्यायला! मिसेस डॉल त्याला घरी नेताहेत. माझ्याकडे बोट दाखवून तो त्यांना विचारतोय, पहाऱ्यावर उभी ही बाई कोण —
असू दे. जगला ना.

पाय उचलत नाहीत. वही एप्रनच्या खिशात होती म्हणून —
ऊन — तहान —
गाव कुठं गेलं? नुसतं लाकडी कुंपण. टेकडीवर धूळ, घोडे —
फाटकात कॅप्टन. तरुण, दाढी काळीभोर. हातात अडसर.
कॅप्टन, मी बाहेर आहे! थांबा, लावू नका, मी अजून —