जाळीला हळदकुंकू

॥ श्री ॥
मु. कसाल, दि. ५ ऑक्टोबर १९५८

चि. जयराम यास सत्यवतीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक. हळवी भातं कापायला आली, म्हणजे आता आमच्या भाताच्या गिरणीला उसंत नाही. मे महिन्यात तू चाकाला आणि पट्ट्याला बसवून दिलेली तारेची जाळी अजून जागेवर आहे. हे तिला खुराडं म्हणतात. भात घेऊन येणारेही विचारतात की धोंडूशेट, खुराड्यात कोंबे किती आसत. हे तोंडावर हसतात आणि मग माझ्यावर धुमसतात. मुलांना यंत्र शिकवणारा मास्तर यंत्राला एवढा भितो कसा, असं चारचौघांत तुझ्याबद्दल बोलतात. रागावू नकोस, तुला ते नवीन नाही.

पण मला वेगळाच घोर लागलाय. खंडेनवमीला हे जाळी काढणार आहेत. चाकाला कुंकू लावायचं तर मध्ये जाळी कशाला, देवाला कोंडून पूजा करायची काय, असं त्यांचं म्हणणं. एकदा निघाली की ती परत बसायची नाही. आणि दसऱ्याच्या मुहूर्ताला इंजिन सुरू करताना हे नेमके जरीचं उपरणं गळ्यात घालून उभे राहतात. आपल्या मावसभावाचा, शिवाचा हात सदऱ्याच्या बाहीपायी पट्ट्यात गेला, तेव्हा मी तिथे होते. मला झोप येत नाही. देवाच्या कामात आडवी कशी जाऊ ते तूच सांग.

खाणावळीचं जेवण सोसत नसेल तर तसं लिही, कुळीथपीठ पाठवते. अक्काला विसरू नकोस, हे आशीर्वाद.

सौ. सत्यवती


॥ श्री ॥
मुंबई, दि. ११ ऑक्टोबर १९५८

ती. सौ. अक्कास जयरामचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. भावोजी म्हणतात ते खरंच आहे, मी भित्रा आहे. माझ्या वर्गात पहिला धडा यंत्राचा नसतो. अंगठ्या काढा, बाह्या दुमडा, सदरा आत खोचा, आणि मग लेथजवळ या. मुलं पाठीमागे मला सोवळे मास्तर म्हणतात. म्हणू देत. त्यांच्यावर ओरडताना मला शिवाची रिकामी बाही दिसत असते.

भावोजी वडील, त्यांना पूजेतलं मी काय सांगणार? पण त्या दिवशी आपण तलवारीबरोबर ढालही पुजतो ना? आमच्या शाळेत यंत्रांवरच्या जाळ्यांनाही हळदकुंकू वाहतात. त्यांना चाकाची पूजा मनासारखी करू दे. मग तू तबक घेऊन जा आणि जाळीची पूजा मला करायची आहे, एवढंच म्हण. जमिनीवर टाकलेल्या जाळीची पूजा व्हायची नाही, ती जागेवर बसवावी लागेल. आणि तू कुंकू लावलेली वस्तू दुसऱ्या दिवशी उतरवायची त्यांची छाती होणार नाही.

कुळीथपीठ अवश्य पाठव. तुझ्या मायेचा भुकेला,

जयराम


॥ श्री ॥
मु. कसाल, दि. २६ ऑक्टोबर १९५८

चि. जयराम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सांगितलंस तसंच केलं. मी तबक घेऊन उभी राहिले तेव्हा हे खूप हसले, पण चार माणसांदेखत बायकोला पूजा करू नको कसं म्हणणार? पुटपुटत जाळी बसवली. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं.

दसऱ्याला इंजिन सुरू झालं. मुहूर्ताचे पहिले तांदूळ ओंजळीत घ्यायला हे वाकले आणि उपरण्याचं टोक जाळीवर गेलं. दशांचे सुटे धागे भोकांतून आत ओढले गेले. मानेला हिसका बसला, टरकन आवाज झाला आणि तेवढं टोक फाटून पट्ट्याबरोबर गेलं. बाकीचं उपरणं गळ्यात राहिलं आणि हे उभे राहिले. जाळी नसती तर काय झालं असतं, ते लिहायला माझा हात धजत नाही.

ह्यांनी इंजिन बंद केलं आणि हे भाताच्या पोत्यावर बसले. मला म्हणाले की गो, जयरामाक कळव, खुराडो बरो आसा. मग मात्र मला रडू आवरलं नाही. जयराम, तू धाकटा, तुझ्या पाया पडता येत नाही, एवढीच माझी अडचण आहे.

पीठ चक्कीवाल्या शंकरबरोबर पाठवलं आहे. उदंड आयुष्याचा हो.

सौ. सत्यवती


॥ श्री ॥
मु. कसाल, दि. १६ नोव्हेंबर १९५८

रा. रा. जयराम मास्तर यांसी धोंडू परब याचा सा. न. वि. वि.

एरवी चि. लिहिले असते, या खेपेस हात वळला नाही. मला पत्र लिहिण्याची सवय नाही हे तुम्ही जाणताच. तुमच्या बहिणीने लिहिले ते सर्व खरे आहे. माझ्या मानेवर वळ होता, तो आता गेला. तुमचे उपकार मात्र राहणार.

उपरण्याला ठिगळ लावते असे ती म्हणते, मी लावू दिलेले नाही. गिरणीत तेच घेऊन जातो, पण आता खुंटीवर टांगतो. भात घेऊन येणारा फाटके टोक बघून विचारतो, आणि भात भरडून होईपर्यंत सांगायला मला वेळ असतो. परवा एकाने मी काही बोलायच्या आधीच मुंडाशाचा लोंबता सोगा आत खोचला आणि मग इंजिनाजवळ आला.

शंकरच्या पिठाच्या चक्कीला आणि शेजारच्या तेलघाण्याला खुराडी हवी आहेत. तार आणून ठेवली आहे. मे महिन्यात यावे, तुमच्या हाताखाली मी काम करीन. लोभ आहेच, तो आमच्या पदरी राहू द्यावा.

आपल्यासारखाच एक भित्रा,
धोंडू परब