दौलत घरी आला तो अंक

१४ जानेवारी १९७२

तोंड मिळालं! आठ दिवस नुसते कागद खराब करत होतो.

नानासोंना त्यांच्या सांगलीच्या छापखान्यातून रंगीत चित्रकथेचं मासिक काढायचंय. नाव ठरलंय – जवान दौलत. दर महिन्याला सोळा पानं. म्हणाले, "मास्तर, मुंबईची चित्रपुस्तकं आमची पोरं फाटेस्तोवर वाचतात. आपल्याकडं घरटी एक शिपाई, आणि त्याचं चित्र कुठंच नाही?" सगळं पटलं. पण मला मनातून तोंड काढता येत नाही, समोर माणूस लागतो. नऊ वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवतोय आणि अजून ही बोंब.

आज तिळगूळ द्यायला शेजारी साळूकाकीकडं गेलो. भिंतीवर मानसिंगचा वर्दीतला फोटो. बघितला आणि वाटलं, हाच दौलत! मानसिंग काकीचा एकुलता एक, माझा पहिलीपासूनचा सोबती. डिसेंबरच्या लढाईत बेपत्ता झाला. पलटणीचं पत्र तसंच आहे – बेपत्ता. म्हणजे नेमकं काय, ते गावात कुणालाच सांगता येत नाही.

भीत भीत फोटो मागितला. काकीनं चटकन खुंटीवरून काढून दिला. मी मागचे खिळे काढून नुसता फोटो घ्यायला लागलो तर तिनं हातच धरला. "फ्रेमसकट ने. खिळं काडू नगंस. हितं भिताडावर ऱ्हायला तर कोन तरी हार आनून घालंल."

मानसिंगची बायको, चंद्रावहिनी, संक्रांतीला माहेरी शिराळ्याला गेलीय. तिला विचारून आणायला हवा होता फोटो. तेव्हा सुचलं नाही.

२ फेब्रुवारी

दहा पानं शाईनं पक्की झाली – लढाईत तुकडीपासून तुटलेला दौलत शत्रूच्या मुलखातून घराकडं चालायला लागतो. फोटो टेबलावर उभा केलाय, त्याच्याकडं बघत काढतो.

गेल्या सुट्टीत मानसिंग म्हणाला होता, "माजं एक चित्र काड की रं." मी म्हणालो, पुढच्या सुट्टीत काढू. आता वीस दिवसांत चाळीस वेळा काढलंय त्याला. तेव्हा एकदा काढायला काय झालं होतं? परीक्षेचे पेपर होते म्हणे!

९ फेब्रुवारी

मानसिंगच्या पत्रांत जतच्या यल्लाप्पाचं नाव नेहमी असायचं. दोघं एकाच तुकडीत. काकीला म्हणालो, यल्लाप्पाला पत्र टाकून बघतो, त्याला काही ठाऊक असेल. ती जात्यापाशी बसली होती, उठून उभी राहिली. "नगं. काय लिवू नगंस. ज्येला त्येला आपला जीव."

भीती वाटते तिला. मी पण जोर केला नाही.

११ मार्च

पहिला अंक आला. पानांची गुंडाळी एस.टी.च्या कंडक्टरच्या हवाली करून पाठवली होती, ती अशी रंगीत होऊन परत आली. वास घेतला आधी! मग चूक दिसली – तांबडा रंग सगळीकडं सूतभर सरकलाय. दौलतच्या आईचं कुंकू भुवईवर. नानासोंना फोन केला तर म्हणतात, "मशीन जुनं आहे मास्तर, तांबडा सरकणारच. पोरं बघत नाहीत तेवढं."

अंक घेऊन काकीकडं गेलो. वहिनी चौथी शिकलीय, तिनं चित्रातल्या फुग्यांमधलं सगळं वाचून दाखवलं. काकीला अक्षर येत नाही, पण चित्रं तिनं एकेक करून पाहिली, बोट ठेवून. शेवटी म्हणाली, "आमचा मानसिंग नदीपातुर आला म्हन की."

काकी, हा दौलत आहे, असं म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. ती खुशीत होती.

१६ एप्रिल

दुसरा अंक. "कुटवर आलाय मानसिंग?" – आता हा तिचा ठरलेला प्रश्न. पहाड चढतोय, म्हणालो. "थंडी आसंल," म्हणाली.

ज्ञानू पोस्टमन वाटेत भेटला. हा नुसतं टपाल देत नाही, ज्यांना वाचता येत नाही त्यांना उंबऱ्यात बसून वाचूनही दाखवतो. त्याला विचारलं, मानसिंगचं काही? सायकलवरून न उतरताच म्हणाला, "म्या काय सांगू, मास्तर." आणि गेला. एरवी चहा घेतल्याशिवाय न हलणारा माणूस.

२१ मे

वहिनीचा थोरला भाऊ लालासाहेब शिराळ्याहून आला होता. औंधचा एक कंपाउंडर आहे, बायको गेलेली, मूल नाही, माणूस सरळ. तो वहिनीशी पाट लावायला तयार आहे. वहिनी बावीस वर्षांची. लालासाहेब बोलला तेही अदबीनं, काकीच्या पायाशी बसून.

काकी उठली, पेटीतून तिन्ही अंक काढले आणि त्याच्यापुढं टाकले. "ह्यो बग. जित्ता हाय. नवरा जित्ता आसताना तू हिचा पाट लावतोस व्हय?"

बाहेर आल्यावर लालासाहेबानं मला गाठलं. "मास्तर, तुमी शिकलेली मानसं. म्हातारीला सांगा की, ही चित्रं हायती म्हून."

बघतो, म्हणालो. चित्रं माझी, खोटेपणा माझा, आणि उत्तर काय तर – बघतो.

२ जुलै

नाही सांगितलं.

१७ ऑगस्ट

पाऊस नाही. वर्गात पोरं निम्मी. वहिनी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाते.

पंचमीला माहेरी गेली होती, परवा आली. शिराळ्याच्या पंचमीला सगळा मुलूख लोटतो, त्या गर्दीत औंधचा तो माणूसही आला होता. आज शाळेच्या फाटकापाशी थांबली होती, डोक्यावर पाटी. माझ्याशी अशी सरळ कधी बोललेली नव्हती.

"मला जायाचं हाय, भावजी. आत्तीसनी मी कसं सांगू? त्या म्हनत्यात ल्योक येतोय. तुमच्या त्या दौलतचं काय ते येकदाचं करा. मंग त्याच म्हनतील जा म्हून."

डोळ्यांत पाणी नव्हतं. दमली होती नुसती. करतो, असा शब्द दिला मी तिला.

२९ ऑगस्ट

सांगलीला जाऊन आलो. नानासो मासिक बंद करताहेत. दुष्काळात चित्रकथा कोण घेणार? ऑगस्टचा अंक निघालाच नाही, सहा अंकांत दुकान आटोपलं. म्हणाले, "शेवटचा अंक जोरदार करा. मारा त्याला. शहीद झाला की लोक अंक जपून ठेवतात."

छापखान्यात अंकांचे गठ्ठे रचले होते, सगळ्यांवर मानसिंगचं तोंड. वाईट वाटलं, मासिकाचं पण आणि आपलंही. एवढी एकच गोष्ट आयुष्यात धड केली असती. पण मग वाटलं, बरंच झालं. वहिनीला दिलेला शब्द आपोआप पाळला जातोय. मला तोंडानं काही सांगायलाच नको.

१० सप्टेंबर

आज मारलं त्याला. पान चौदा, शेवटची चौकट. चित्र चांगलं झालंय, हेच सहन होत नाही.

८ ऑक्टोबर

अंक आला. इस्लामपूरला जाऊन स्टँडवरच्या टपरीतले सगळे उचलून आणले, काकीला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून. मी सांगणार, मीच दाखवणार.

गेलो. काकी अंगणात हुलगे निवडत होती. मला बघून सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले – अंकाला कधी ती मळक्या हातानं शिवत नाही. "आला व्हय? कुटवर आलाय?"

माझ्या पिशवीत अंक होता. म्हणालो, "अजून आला नाही छापून. आठवड्यानं येईल."

१५ ऑक्टोबर

काय केलं मी हे.

आठवडाभर शाळा सुटली की बसत होतो. शेवटची चार पानं नवीन काढली, रंग ब्रशनं हातानं भरले, जुनी पानं सोडवून ही आत शिवली. जगात एकच प्रत. ह्यात दौलत मरत नाही. घरी येतो. शेवटच्या चौकटीत दारात आई उभी आहे आणि त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळतेय.

आज नेऊन दिली. वहिनीनं पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. शेवटची पानं आली तशी थांबली. पान जवळ धरून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घातली. तिनं पुढं वाचलं, आवाज तसाच ठेवून.

काकी हसली. वर्षात पहिल्यांदा दात दिसले तिचे. भाकरतुकड्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसली. म्हणाली, "बेस काडलंस. आता म्होरं काय काडू नगंस बाबा. हितंच थांब."

वहिनी पाण्याला म्हणून कळशी घेऊन निघून गेली.

१६ ऑक्टोबर

शब्द दिला होता मी तिला. शाळेच्या फाटकापाशी. डोक्यावर पाटी घेऊन उभी होती ती.

६ नोव्हेंबर

दिवाळी. काकीकडून चार करंज्या आल्या. ह्या दिवसांत गूळ कुठून आणला कोण जाणे. गल्लीतल्या पोरांना वाटून टाकल्या.

२६ नोव्हेंबर

तुळशीची लग्नं झाली तसं औंधच्या कंपाउंडरनंही लग्न केलं. कराडकडची मुलगी. लालासाहेबाचं पत्र आलं, दोन ओळींचं.

वहिनीपुढं उभं राहायची हिंमत नव्हती, पण विहिरीवर तीच भेटली. म्हणालो, वहिनी, माझं चुकलं. रहाट थांबवून तिनं ऐकलं.

"मला तवाच कळलं हुतं, भावजी. त्या पानांत तांबडा सरकला न्हवता. कुक्कू कपाळावरच हुतं."

विचारलं, मग बोलली का नाहीस? मग गेली का नाहीस?

"आत्ती हासल्या नव्हं त्या दिशी. तुमी पाच अंक दावलंसा, कवा हासल्या व्हत्या का? आता ते हासू मोडून कशी जाऊ मी?"

म्हणजे माझ्या चार पानांनी ती बांधली गेली. म्हातारीची आशा मोडायला मी भ्यालो, आणि तरण्या बाईचा संसार मोडला. मी भला माणूस आहे, असं गावात सगळे म्हणतात. म्हणोत.

३ डिसेंबर

पेपरात आलंय, पाकिस्ताननं आपले कैदी सोडले. हद्द ओलांडून परवा आले. सांगलीच्या सोल्जर बोर्डात जाऊन चौकशी केली. कारकुनानं यादीवरून दोनदा बोट फिरवलं. मानसिंग खोत नाही.

परत येऊन काकीला सांगितलं. ह्या वेळी थेट सांगितलं, पिशवीत काही न ठेवता. वाटलं होतं ती कोसळेल. ती भाकरी थापत होती. "बरं," म्हणाली आणि ती भाकरी तव्यावर टाकली.

१० डिसेंबर

आज काकी स्वतः आली. माझ्या घरात कधी येत नाही ती. टेबलापाशी उभी राहिली, फोटोकडं बघत.

"फोटू दे आता. भिताडावर लावते. हार मीच करीन."

मग म्हणाली, "काच लय मळलीया. लगीच नगं. खिळं काड, उगडून नीट पुसून घे, मंग आन. चंद्रीला जाऊ दे आता कुटं जायचं तितं. म्या न्हाई अडवत."

आत्ता म्हणतेय! सहा महिने उशिरा. पण तिला काय बोलू? सगळं नासवलं ते मी. भाबड्या म्हातारीला चित्रं दाखवून वर्षभर खुळ्यात काढलं.

११ डिसेंबर

काच पुसायला खिळे काढले. फोटो आणि पुठ्ठ्याच्या मधोमध एक निळं पत्र. जतच्या यल्लाप्पाचं, पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून. "वहिनी, मानसिंग माझ्या डोळ्यांदेखत पडला. आम्हाला मागं यावं लागलं, त्याला आणता आलं नाही. साहेब लोक बेपत्ता म्हणतील, पण मी पाहिलंय. तुमचं वय लहान आहे. वाट बघू नका."

टपालाचा शिक्का ११ जानेवारी. फोटो माझ्या हातात दिला तो १४ जानेवारीला.

पत्त्यावर साळूकाकीचं नाव नाही. सौ. चंद्राबाई मानसिंग खोत. ती तेव्हा माहेरी होती; उंबऱ्यात बसून ज्ञानूनं ते काकीलाच वाचून दाखवलं असणार.

वहिनी परड्यात भांडी घासतेय, इथवर आवाज येतोय. एवढं लिहून झालं की पत्र द्यायला जातो.